वायरलेस कीबोर्ड-माऊसचा सेट घेताना: आधी हात आणि टेबल मोजा, मग दुकानात जा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या वजन-दराच्या पट्ट्या (हिशेबाचे कागद) करणारे दिवाणजी, विश्रामबागला घरून काम करणारी मुलगी आणि कोर्टाजवळ मराठी अर्ज टाइप करून देणारे काका. या तिघांना एकच सेट सोयीचा पडणं अवघड आहे. दुकानात मात्र तिघांपुढे बहुधा एकच खोकं सरकवलं जातं, आणि तिघेही किंमत विचारून ते घेऊन येतात. मग सहा महिन्यांनी कुणाचा खांदा भरून येतो, कुणाचं मनगट दुखतं, आणि बोल लावला जातो वयाला किंवा खुर्चीला.

किंमत आणि कंपनी शेवटी बघायची. त्याआधीची बरीचशी निवड घरी बसून, मोजपट्टी हातात घेऊन करता येते.

हाताचं माप

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. १७ सेंटीमीटरच्या आत असेल तर हात लहान, २० च्या वर असेल तर मोठा, मधला तो मध्यम, असा साधारण हिशेब धरतात. आता सेटमधला माऊस बघा. स्वस्त सेटमधले बरेच माऊस १० सेंटीमीटरच्या आसपास लांब असतात. ते लॅपटॉपच्या बॅगेत मावावेत म्हणून तसे केलेले असतात. मध्यम किंवा मोठ्या हाताखाली असा माऊस आला की तळहाताला टेकायला काही उरत नाही, बोटं आकसून धरावी लागतात आणि मनगटाची कड टेबलावर घासत राहते. अशा हाताला १२ सेंटीमीटरच्या आसपासचा, पाठीला थोडा फुगीर माऊस हवा.

माझं मत असं की बहुतेकांनी सेट निवडावा तो माऊस बघून. कीबोर्ड थोडा डावा-उजवा असला तरी बोटं आठवडाभरात जुळवून घेतात, पण लहान माऊसला मोठा हात कधीच जुळवून घेत नाही. कीबोर्ड आवडला आणि माऊस बारका निघाला, तर दोन्ही वेगवेगळे घ्या. सेटमध्ये वाचलेले दोन-तीनशे रुपये दुखण्याच्या मलमातच जातात.

डावखुऱ्यांसाठी एक गोष्ट: सेटमधले साधे माऊस बहुधा दोन्ही बाजूंनी सारखेच असतात, ते डाव्या हातात चालतात आणि बटणं सेटिंगमधून अदलाबदल करता येतात. अंगठ्यासाठी खाच असलेला माऊस मात्र बहुधा उजव्या हाताचाच असतो.

टेबलाचं माप, आणि आकड्यांचा प्रश्न

उजवीकडे आकड्यांचा चौकोन असलेला पूर्ण कीबोर्ड साधारण ४४ सेंटीमीटर रुंद असतो. तो चौकोन नसलेला ३६ च्या आसपास. हा फरक जातो कुठे? माऊसच्या जागेत. पूर्ण कीबोर्ड समोर ठेवला की माऊस तेवढा उजवीकडे सरकतो, कोपर शरीरापासून लांब जातो आणि दिवसभर हात बाहेर ताणलेला राहतो. खांदा आणि मानेची उजवी बाजू भरून येण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

त्यामुळे स्वतःला एकच विचारा: मी दिवसातून किती आकडे मारतो? टॅलीत बिलं भरणारे, यार्डात वजन-दराच्या पट्ट्या करणारे, कर सल्लागार, पतसंस्थेत काउंटरवर बसणारे यांना आकड्यांचा चौकोन हवाच. वरच्या ओळीतून आकडे मारायला लावलं तर त्यांचा वेग निम्मा होईल. पण जो माणूस मेल लिहितो, मीटिंग करतो, महिन्यातून एकदा वीजबिल भरतो, त्यानं तो भाग दिसायला भारी वाटतो म्हणून घेऊ नये. मधली वाट अशी: चौकोन नसलेला कीबोर्ड आणि वेगळा वायरलेस नंबर पॅड. तो डावीकडे ठेवून डाव्या हाताची सवय केली तर उजवा हात माऊसवरच राहतो.

सरकत्या फळीचं कॉम्प्युटर टेबल असेल तर ती फळी आधी मोजा. पूर्ण कीबोर्ड आणि माऊस हलवायला जागा मिळून ७० सेंटीमीटर तरी लागतात. कित्येक फळ्या त्याहून अरुंद असतात. मग कीबोर्ड फळीवर आणि माऊस वर टेबलावर अशी मांडणी होते, आणि खांदा दिवसभर उचललेला राहतो. अशा टेबलाला लहान कीबोर्डच घ्या.

दुकानांतल्या काउंटरचं आणखी एक आहे. काचेखाली कॅलेंडर, व्हिजिटिंग कार्डं, देवाचा फोटो ठेवलेला काउंटर आपल्याकडे घरोघरी, दुकानोदुकानी असतो. साधा ऑप्टिकल माऊस पृष्ठभागाचे बारीक फोटो घेत चालतो, गुळगुळीत काचेवर त्याला काही सापडत नाही आणि बाण उड्या मारतो. दोष माऊसचा नसतो. खाली जाड कापडी पॅड घाला.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी इथे थांबावं

इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. पण इनस्क्रिप्टवर, म्हणजे प्रत्येक कळेला थेट देवनागरी अक्षर नेमून दिलेल्या मांडणीवर, टाइप करणाऱ्यांसाठी वर सांगितलेला नियम उलटा होतो: आधी कीबोर्ड, मग माऊस. कारण कीबोर्ड बनवणारा इंग्रजीचा विचार करून कळा लहान-मोठ्या करतो, आणि त्यानं ज्या कळा कापलेल्या असतात त्याच आपल्याला सगळ्यांत जास्त लागतात.

इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. ज, ड, च, ट, य ही पाच अक्षरं उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. इंग्रजीत तिथे 'पी' सोडला तर नुसती विरामचिन्हं आहेत: चौकटी कंस, अर्धविराम, अवतरणचिन्ह, तिरकी रेघ. इंग्रजी लिहिणारी करंगळी तिकडे क्वचितच फिरकते, म्हणून लहान कीबोर्डात नेमक्या याच कळा चिंचोळ्या करतात. आता नुसतं 'च्या' टाइप करून बघा. च उजव्या करंगळीनं, हलन्त डाव्या हातानं, य पुन्हा उजव्या करंगळीनं, काना डाव्या हातानं. मराठीत 'च्या'शिवाय परिच्छेद होत नाही. त्या दोन कळा अरुंद असतील तर करंगळी दर ओळीला शेजारच्या कळेवर पडणार.

दुसरी परीक्षा उजव्या शिफ्टची. अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ओ हे सगळे स्वर डाव्या हाताच्या कळांवर शिफ्ट दाबून येतात, म्हणजे नीट टाइप करणाऱ्याला शिफ्ट उजवीकडची लागते. वर जाण्याचा बाण बसवायला जागा हवी म्हणून अनेक लहान कीबोर्डांत हीच कळ निम्मी केलेली असते. शिफ्टऐवजी बाण दाबला गेला की कर्सर वरच्या ओळीत जातो आणि अक्षर भलतीकडेच उमटतं.

दुकानात हे वाक्य टाइप करून बघा: 'आईने अंगणात ओली हळद वाळत घातली.' यात उजवी शिफ्ट पाच वेळा लागते (आ, ई, अ, ण, ओ) आणि डावी तीन वेळा (दोन ळ आणि घ). दोन-तीनदा न बघता नीट उमटलं तर कीबोर्ड तुमच्या कामाचा.

ज्ञ, त्र, क्ष, श्र आकड्यांच्या ओळीत शिफ्टनं येतात, तेव्हा ती ओळही पूर्ण उंचीची हवी. आणि स्पेसबारच्या उजवीकडे ऑल्ट आहे ना, ते बघून घ्या. विंडोजच्या इंग्लिश (इंडिया) मांडणीत उजवा ऑल्ट आणि ४ दाबला की रुपयाचं चिन्ह येतं. काही लहान कीबोर्डांत ही कळच नसते.

कळांवर देवनागरी छापलेला वायरलेस सेट सहज मिळत नाही, त्यासाठी अडून बसू नका. पारदर्शक स्टिकर लावता येतात. शिकून झालेल्या बोटांना त्यांचीही गरज नसते.

कळांचा स्पर्श

लॅपटॉपसारख्या चपट्या कळा दीड ते दोन मिलिमीटर खाली जातात. साध्या रबरी पडद्याच्या कीबोर्डात ती खोली तीन-साडेतीनच्या घरात असते, मेकॅनिकलमध्ये (प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असलेल्यात) चारच्या आसपास. लॅपटॉपची सवय असलेल्यांना चपट्या कळा हलक्या वाटतात. जुन्या टायपिंग क्लासात मशीनवर बोटं घडलेल्यांना त्याच कळांवर टाइप झालं की नाही तेच कळत नाही. यात बरोबर-चूक काही नाही. दोन ओळींत हात सांगतो.

चपट्याचा एक फायदा मात्र खरा आहे: कीबोर्डची उंची कमी असल्यानं मनगट वर वाकवावं लागत नाही. उंच कीबोर्ड घेतलात तर मागचे पाय उघडू नका. ते उघडले की मनगट आणखी वर वाकतं. दिसायला सोयीचं वाटतं, पण तासन्‌तास टाइप करणाऱ्यासाठी ते वाईटच.

रात्री घरात कुणी झोपलेलं असताना काम करायचं असेल तर 'सायलेंट' लिहिलेला माऊस घ्या, क्लिकचा आवाज खरोखर दबतो.

डोंगल की ब्लूटूथ

डेस्कटॉप असेल तर डोंगलवाला सेट, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर असलेला. डोंगल लावला की लगेच चालतो, आणि संगणक सुरू होताना विंडोज यायच्या आधीच्या पडद्यावरही कळा चालतात. ब्लूटूथ कीबोर्ड तिथे बहुधा गप्प असतो, शिवाय जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथच नसतं. लॅपटॉप, टॅब आणि फोन असं तिन्ही एकाच कीबोर्डवर चालवायचं असेल तर मात्र ब्लूटूथ, तेही तीन उपकरणांची जोडणी लक्षात ठेवणारं.

डोंगल नखाएवढा असतो. बऱ्याच कंपन्यांत तो त्या सेटशीच बांधलेला असतो, हरवला की सेट गेला. लॉजिटेकसारख्या काही कंपन्या ठरावीक मॉडेलसाठी वेगळा डोंगल देतात, घेताना ते विचारा. आणि प्रवासात तो माऊसच्या पोटात, सेलशेजारच्या खाचेत ठेवा.

नवा सेट अडखळत चालला तर लगेच परत करायला पळू नका. डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि यूएसबी ३ च्या पोर्टमधून, विशेषतः शेजारी बाहेरची हार्ड डिस्क चालू असताना, त्याच पट्ट्यात गोंगाट होतो. हे पोर्ट बहुधा आतून निळे असतात. डोंगल काळ्या पोर्टला लावा, कॅबिनेटच्या मागून काढून पुढे आणा, नाहीतर हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन तो टेबलावर आणा. बहुतेक अडखळणं तिथेच संपतं.

बँकेचे व्यवहार, लोकांचे आधार-पॅन क्रमांक अशी कामं असतील तर खोक्यावर '१२८-बिट एईएस' एन्क्रिप्शनचा, म्हणजे दाबलेली कळ सांकेतिक रूपात पाठवण्याचा, उल्लेख शोधा. काही स्वस्त कीबोर्ड दाबलेली कळ उघड्या रूपात हवेत सोडतात, आणि ती जवळपासचा कुणी टिपू शकतो. २०१६ साली सुरक्षा संशोधकांनी अनेक कंपन्यांच्या डोंगलमधले असे दोष जाहीरही केले होते. ई-सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी इथे पैसे वाचवू नयेत.

सेल

कीबोर्डला सेल दोन-तीन वर्षं आणि माऊसला वर्षभर पुरतील असे दावे खोक्यांवर असतात. रोज आठ तास काम असेल तर कमी धरा. माऊसला सेल जास्त लागतो, कारण वापरात असताना त्याचा दिवा जळत राहतो. म्हणून खाली चालू-बंदचं बटण असलेलाच घ्या. गावाला जाताना, सुट्टी लांबणार असेल तेव्हा सेल काढून ठेवा. सांगलीच्या पावसाळ्यात विसरलेला सेल पाझरला की आतली पट्टी हिरवी पडते आणि मग दुरुस्ती कुणी करत नाही.

दुकानात

डेमोचा सेट मागा. चप्पल पायात घातल्याशिवाय आपण घेत नाही, तसंच हेही. उभ्यानं हात लावून काही कळत नाही. खुर्ची मागा, बसा, कोपर अंगाजवळ ठेवून दहा मिनिटं टाइप करा, माऊसनं एक फाईल उघडून खालपर्यंत स्क्रोल करा. मारुती रोडवर संध्याकाळच्या गर्दीत कुणी एवढा वेळ देणार नाही, सकाळी दुकान उघडल्यावर जा. खोकं उघडून बघू देत नसतील तर दुसरं दुकान बघा. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आणि अट आधी वाचा. काही ठिकाणी 'फक्त बदलून मिळेल' असं असतं, आणि हाताला न बसणारा माऊस बदलून पुन्हा तोच आला तर उपयोग काय? पक्कं बिल घ्या, वॉरंटी त्यावरच चालते.

घरी आल्यावर

कीबोर्डचा मध्य पडद्याच्या मध्याशी जुळवू नका. स्पेसबारचा मध्य तुमच्या बेंबीसमोर आला पाहिजे. टेबल उंच आणि खुर्ची खाली-वर होत नसेल तर खाली उशी घ्या आणि पायाखाली पाट. कोपर साधारण काटकोनात, मनगट सरळ. माऊसचा वेग सेटिंगमध्ये इतका वाढवा की बाण पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका छोट्या हालचालीत जाईल, आणि हात उचलून पुन्हा पुन्हा मागे आणावा लागणार नाही.

हळदीच्या, बेदाण्याच्या व्यापाऱ्यांकडे कळांखाली धूळ लवकर बसते. आठवड्याला कीबोर्ड बंद करून उलटा धरा, हलकेच थोपटा आणि मऊ ब्रश फिरवा. ओलं फडकं नको.

पहिले काही दिवस बोटं अवघडतील, ते चालतं. पण अंगठा, पहिलं आणि मधलं बोट बधिर होत असेल, रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, तर नवा सेट, नवा पॅड असं काही शोधत बसू नका. मनगटातून जाणारी नस दाबली गेल्याची ती खूण असू शकते. सरळ डॉक्टरांना दाखवा. मिरज हाकेच्या अंतरावर आहे.