जुन्या लाकूडकामाच्या मशीनला योग्य भाव कसा लावायचा

जुनं मशीन विकायला काढताना बहुतेक जण दोन आकडे डोक्यात धरून बसतात, आपण किती मोजले होते आणि आता आपल्याला किती हवेत, आणि घेणाऱ्याला या दोन्हीशी काही देणंघेणं नसतं. त्याचा हिशोब एकच, हे मशीन माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन नीट लाकूड कापायला लागेपर्यंत खिशातून एकूण किती जाणार. तुम्ही पण भाव तिथूनच लावायला घ्या, मग घासाघीस पण कमी होते आणि दोघांनाही फसल्यासारखं वाटत नाही.

आधी वरची आणि खालची हद्द ठरवा. वरची हद्द म्हणजे तेवढ्याच ताकदीचं, तेवढ्याच रुंदीचं नवीन मशीन आज केवढ्याला मिळतं ते. तुम्ही घेतलं तेव्हाचा भाव नाही, आजचा. खालची हद्द म्हणजे भंगार, बिडाचं (ओतीव लोखंडाचं) वजन गुणिले भंगाराचा रेट, अधिक मोटरचे जे काही येतील ते. मशीन चालू आहे, काही मोडलेलं नाही, सगळे पार्ट सोबत आहेत असं असेल तर मी नवीनच्या साधारण निम्म्यापासून सुरुवात करतो. भरीव बिडाचं टेबल, इंडक्शन मोटर (बिनब्रशची) आणि कंपनी अजून स्पेअर देते असं मशीन ६० टक्क्यांपर्यंत ताणता येतं, पण टेबलावर ठेवायची हलकी मशीनं, ज्यात ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर असते, ती ३०-४० टक्क्यांच्या वर क्वचितच जातात कारण तेवढ्यात माणूस थोडे घालून नवीन वॉरंटीवालं घेतो.

मग बाजार बघा, पण जाहिरातीतला आकडा म्हणजे भाव नव्हे, ती विकणाऱ्याची इच्छा आहे. जी जाहिरात तीन महिने तशीच पडून आहे ती तुम्हाला फक्त एवढंच सांगते की या भावाला हे जात नाही. जमलं तर झालेल्या व्यवहाराचे आकडे विचारून घ्या. लिलावातला भाव कमी असतो कारण तिथे बरेचदा मशीन चालवून बघता येत नाही आणि खोलून, उचलून न्यायचं काम घेणाऱ्याचं, आणि डीलरचा भाव जास्त असतो कारण त्याने साफसफाई केलेली असते आणि काही झालं तर परत त्याच्याकडे जाता येतं. घरून विकणाऱ्याचा भाव या दोघांच्या मध्ये बसतो.

आता खरं काम, मशीनची तब्येत. इथे वेळ घालवा, कारण कुठला दोष स्वस्तात जातो आणि कुठला नाही हे कळलं की निम्मा भाव ठरलाच.

बेअरिंगचा आवाज ऐकून घेणारा घाबरतो, पण बऱ्याच मशीनमध्ये ६२०३, ६२०४, ६२०५ असल्या नंबरचीच स्टँडर्ड बेअरिंगं असतात, कुठेही मिळतात आणि स्वस्त असतात. पट्टा काढून स्पिंडल (फिरणारा दांडा) हाताने फिरवून बघा, खरखर लागली तर विकायच्या आधीच बदलून टाका, शांत चालणाऱ्या मशीनला जो भाव येतो तो बेअरिंगच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त असतो. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, हातानं ढकललं की सुरू होते, तर सिंगल फेजमध्ये बहुतेक वेळा कपॅसिटर (मोटर सुरू करून देणारा छोटा पार्ट) गेलेला असतो, तोही किरकोळ खर्च. वरवरचा तांबूस गंज पण तसाच, घासून तेल-मेण लावलं की गेला.

पण सरफेस प्लेनरचं (फळीचा पृष्ठभाग सरळ करायचं मशीन) टेबल पिळवटलेलं असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. सरळपट्टी लांबीत, आडवी आणि तिरकी ठेवून खालच्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला, ०.१ मिमीच्या आसपास फट असली तर काही बिघडत नाही, ०.५ मिमी जात असेल तर त्यावर सरळ फळी निघणार नाही. एक टेबल नुसतं खाली झुकलं असेल तर स्लाइडला शिम (पातळ पत्रा) टाकून सुधारतं, बीडच वाकलं असेल तर ग्राइंडिंगला न्यावं लागतं, आणि तो खर्च भावातून पूर्ण वजा करायचा, अर्धा नाही. बिडाला तडा असेल, ट्रनियन (पातं तिरकं करायचा आधार) किंवा गिअर तुटलेला असेल तेही याच खात्यात. टेबल सॉचा आर्बर (पातं बसतं तो दांडा) डगमगत फिरतो का ते डायल गेज लावून बघा, बँड सॉची चाकं आणि त्यावरचे रबर टायर बघा.

थ्री फेज मोटर असेल तर घरगुती गिऱ्हाईक पटकन मागे हटतं. नेमप्लेटवर २३०/४०० व्होल्ट असेल आणि मोटर ३ एचपीपर्यंत, म्हणजे साधारण २.२ किलोवॅटची असेल, तर ती डेल्टामध्ये (मोटरच्या तारांची एक जोडणी) जोडून २३० व्होल्ट सिंगल फेजच्या व्हीएफडीवर (सिंगल फेजवरून थ्री फेज बनवून देणारं उपकरण) चालवता येते, हे जाहिरातीत लिहा आणि व्हीएफडीची किंमत भावातून कमी करा. मोठ्या मोटरचं मशीन कारखान्यालाच विकायचं हे धरून चाला.

हरवलेले पार्ट त्यांच्या किमतीपेक्षा जास्त नुकसान करतात. फेन्स (लाकूड सरळ सरकवायची आधारपट्टी) नाही, गार्ड (पात्यावरचं संरक्षक झाकण) नाही, रायव्हिंग नाइफ (कापलेलं लाकूड पात्याला चिमटू न देणारी पट्टी) नाही म्हटलं की घेणाऱ्याला पैसे तर जातातच वर शोधाशोध, आणि गार्डशिवाय मशीन विकणं मला स्वतःला पटत नाही. उलट तुम्ही वरून बसवलेल्या महागड्या वस्तूंचे पूर्ण पैसे सुटत नाहीत. स्पायरल कटर ब्लॉक (छोट्या पात्यांचा नागमोडी बसवलेला रोलर) असेल तर थोडे वाढवा, पण चांगली पाती, चक, टूलिंग वेगळी विकलेली परवडतात. नवीन रंग मारू नका, त्याने भाव वाढत नाही, उलट काय लपवलंय असा संशय येतो.

एक हिशोब करून बघू. तसंच नवीन मशीन १०० ला आहे असं धरा. तब्येत चांगली, म्हणून ५५ पासून सुरुवात. बेअरिंग-पट्ट्याचे ३ गेले, फेन्स नाही त्याचे १२, फेन्स शोधायच्या त्रासाचे ३, राहिले ३७. हा तुमचा खरा भाव. सांगताना ४१ सांगा आणि ३५ च्या खाली जायचं नाही हे आधीच ठरवून ठेवा. ४१ च्या जागी ६० सांगून ठेवलं तर जो खरंच घेणार होता तो फोनच करत नाही.

मशीन फार जड असेल तर क्रेन किंवा फोर्कलिफ्टचा खर्च घेणारा मनातल्या मनात कापतोच, तुमच्याकडे लोडिंगची सोय असेल तर ती स्पष्ट लिहा, तिची किंमत आहे. सगळं वर्कशॉप एकगठ्ठा विकायचं असेल तर सुट्या किमतींच्या बेरजेपेक्षा बरंच कमी येणार, जागा लगेच रिकामी होते त्याचा तो मोबदला.

जाहिरातीत नेमप्लेटचा, टेबलाचा, पात्याजवळचा फोटो आणि दोषांचाही फोटो टाका, भाव का एवढा आहे ते दोन ओळीत लिहा. बघायला कोणी येणार असेल तर मशीन वायरिंगसकट जोडलेलं ठेवा आणि त्याच्या समोर लाकूड कापून दाखवा, आधीपासून गरम करून ठेवू नका, थंड मशीन सुरू होताना बघायचा त्याचा हक्क आहे. दोन-तीन आठवड्यात कोणी विचारलंच नाही तर १० टक्के उतरवा, लोक येऊन बघून जातायत पण घेत नाहीत तर त्यांना काय खटकलं ते सरळ विचारा, बहुतेक वेळा तो एखादा पार्ट असतो जो तुम्ही बसवून देऊ शकता.