सुकलेली बोकडाची कवटी साफ करताना

टॅक्सिडर्मी (मेलेले प्राणी टिकवून ठेवण्याची कला) शिकणाऱ्याने पहिला हात बोकडावर किंवा मेंढ्यावर बसवावा. रानात सापडलेली कवटी उचलून घरी आणू नये. हरीण, रानडुक्कर, कोल्हा यांची हाडे नुसती सापडलेली असली, तरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आड येतो. माळावर पडलेले पाळीव जनावरही टाळा. ते कशाने मेले हे कळत नाही आणि काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात. खाटकाकडची मुंडी, मांस काढून वाळवलेली, हाच सरळ मार्ग.

वाळलेल्या कवटीवरचे मांस चामड्यासारखे कडक होऊन हाडाला चिकटलेले असते. ते कोरडेच खरवडायला गेलात, तर हाडावर ओरखडे पडतात, गालाची कमान तुटते आणि धूळ नाकात जाते. म्हणून आधी भिजवणे. रबरी हातमोजे घाला, झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत कवटी पूर्ण बुडेल इतके साधे पाणी घ्या आणि खालचा जबडा वेगळ्या जाळीच्या पिशवीत ठेवा. बोकडाला वरचे पुढचे दात नसतात. खालचे आठ मात्र प्रत्येकी एकाच मुळाचे असतात आणि हिरडी सुटली की गळतात. पिशवी नसेल तर ते गाळात शोधत बसावे लागते.

पुढचे काम जिवाणूंचे. २५ ते ३५ अंश तापमानात दोन-तीन आठवड्यांत मांस सैल होऊन सुटते. जुन्या, पार कडक कवटीला महिनाही लागतो. पुण्याच्या थंडीत बादली दिवसा उन्हात ठेवा, नाहीतर मत्स्यपेटीचा हीटर लावा. पाणी घाण झाले म्हणून सगळे ओतू नका, निम्मेच बदला, नाहीतर जमलेले जिवाणूही त्याबरोबर वाहून जातात. याच कारणाने या टप्प्यावर साबण, फिनाईल किंवा मीठ घालू नये. वास भयानक येतो, त्यामुळे बादली गच्चीवर किंवा परसात हवी, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेले बरे.

या काळात शिंगांकडे लक्ष ठेवा. बाहेरचे कवच आणि आतला हाडाचा गाभा यांच्यामधला थर कुजला की कवच थोडे पिळून ओढताच निघते. निघत नसेल तर जोर लावू नका, आणखी आठवडाभर ठेवा. डावे-उजवे खुणेने ओळखून ठेवा, आतून घासून धुवा आणि सावलीत वाळवा.

मेंदूचा वाळका गोळा मागच्या मोठ्या छिद्रातून काढायचा. भिजून मऊ झाल्यावर वाकवलेल्या तारेने हलकेच ढवळा आणि सुईविना मोठ्या सिरिंजने पाण्याचा जोर मारा. नाकाच्या पोकळीतली कागदाएवढी पातळ हाडे मात्र तारेपुढे टिकत नाहीत, सरळ मोडतात. तिथे फक्त पाणी. कोवळ्या बोकडाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, त्यामुळे नाकाची व तोंडाच्या टोकाची हाडे सुटी होतील. ती फेकू नका, नंतर चिकटवता येतात.

उकळण्याचा मोह आवरा. उकळत्या पाण्यात हाडातले कोलॅजन (हाडाला चिवटपणा देणारे प्रथिन) जिलेटिन होऊन निघून जाते, चरबी आत मुरते आणि दातांना तडे जातात. कपड्यांचे ब्लीच त्याहून वाईट. हाड पांढरे दिसते खरे, पण ब्लीच कोलॅजनच खाते आणि पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरतो.

मांस गेले तरी चरबी उरते. आठ-दहा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायचा द्रव साबण दोन-तीन मोठे चमचे घाला आणि कवटी बुडवून ठेवा. पाणी ४० अंशांच्या आसपास राहिले तर चरबी लवकर सुटते. पाणी गढूळ झाले किंवा वर तवंग आला की बदला. बोकडाला दोन ते चार आठवडे पुरतात, डुकराला कित्येक महिने. झाले का हे ओल्या हाडावरून ठरवू नका. धुऊन आठवडाभर सावलीत वाळवा. पिवळट, तेलकट डाग दिसले तर पुन्हा साबणात. घाईने पुढे गेलात तर पांढरी केलेली कवटी काही महिन्यांनी पिवळी पडते, आणि मग दोष पेरॉक्साइडला दिला जातो.

आता हायड्रोजन पेरॉक्साइड. तीन टक्क्यांचे द्रावण पुरे. ३० टक्क्यांचे मिळाले तर एक भाग पेरॉक्साइड आणि नऊ भाग पाणी. मूळ द्रव कातडी भाजतो, चष्मा आणि हातमोजे हवेतच. भांडे प्लास्टिकचे, कवटीला जेमतेम पुरेल एवढे, आणि झाकण सैल, कारण वायू सुटतो. गरम करू नका. एक-दोन दिवसांत रंग उजळतो. शिंगांची कवचे यात कधीच घालू नयेत, त्यांचा रंग जातो. गाभ्यालाही पांढरे करायची गरज नाही, तो झाकला जातोच.

शेवटी स्वच्छ पाण्यातून काढून सावलीत, वाऱ्यावर सात-आठ दिवस वाळवा. कडक उन्हात दात तडकतात. दात आणि सुटी हाडे पांढऱ्या फेविकॉलने बसवा. भुरभुरीत जागेवर एक भाग फेविकॉल, सात-आठ भाग पाणी असा पातळ हात द्या. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाचे अॅक्रिलिक रेझिन अॅसिटोनमध्ये विरघळवून वापरतात, कारण ते नंतर अॅसिटोननेच काढता येते. शिंगांच्या आत चिमूटभर बोरॅक्स (टाकणखार) भुरभुरून कवचे चढवा, कारण किडे हाडाला नाही, शिंगाला लागतात.