अँटिप्लेटलेट औषधांची रक्तचाचणी: या चुका टाळा

रुग्ण ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही अँटिप्लेटलेट (प्लेटलेट या रक्तपेशींना एकत्र चिकटण्यापासून रोखणारी) औषधं घेतोय, तरी रिपोर्टमध्ये परिणाम दिसत नाही. लगेच ‘रेझिस्टन्स’चा, म्हणजे औषध लागू न पडण्याचा, शिक्का मारू नका. आधी विचारा: गोळी खरंच रोज घेतली का? ॲस्पिरिनच्या आधी आयबुप्रोफेन घेतलं होतं का? त्यामुळे प्लेटलेटमधली ॲस्पिरिनची बसायची जागा अडते. क्लोपिडोग्रेल ७५ मिग्रॅ लोडिंग डोसशिवाय सुरू केलं असेल, तर पूर्ण परिणामाला ५ ते ७ दिवस लागतात.

पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या वेळेच्या चाचण्या मागवणं ही दुसरी चूक. त्या गोठण-घटक मोजतात. प्लेटलेटवरचा परिणाम त्यात दिसत नाही. ॲग्रिगोमेट्रीत, म्हणजे प्लेटलेट एकमेकांना चिकटण्याच्या (ॲग्रिगेशनच्या) चाचणीत, प्लेटलेटला चेतवायला ॲगोनिस्ट घालतात: ॲस्पिरिनसाठी ॲराकिडोनिक ॲसिड आणि क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर या औषधांसाठी एडीपी वापरतात. ॲस्पिरिनचा निकाल एडीपीवरून काढाल तर फसाल.

सर्वांत जास्त घोळ नमुन्यात होतो. ईडीटीए नळी चालत नाही, ३.२ टक्के सायट्रेट हवं, ९ भाग रक्ताला १ भाग. नळी अर्धवट भरली की सायट्रेट जास्त होतं, कॅल्शियम घटतं आणि औषधाने नव्हे तर सायट्रेटनेच ॲग्रिगेशन कमी दिसतं. रक्त २१ गेजच्या सुईने सावकाश घ्या, पहिले ३-४ मिलि वेगळे ठेवा, न्यूमॅटिक ट्यूबने (हवेच्या दाबाने नमुने पाठवणाऱ्या नळीने) पाठवू नका. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका, थंडीने प्लेटलेट आकार बदलून सक्रिय होतात. खोलीच्या तापमानाला ठेवून ४ तासांत चाचणी संपवा.

ॲग्रिगोमेट्रीला लागणाऱ्या प्लेटलेटयुक्त प्लाझ्मासाठी सेंट्रिफ्यूज साधारण २०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट बल), १० मिनिटं, ब्रेक बंद. इथे फक्त आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहून ठेवणारे पस्तावतात: रोटरची त्रिज्या बदलली की त्याच आरपीएमला जी बदलतो.

सगळ्याच ॲगोनिस्टना रेषा सपाट आली? आधी क्युव्हेटमध्ये (नमुन्याच्या छोट्या नळीत) स्टर बार, म्हणजे ढवळणारी चुंबकी कांडी, फिरतोय का पाहा. मग ॲस्पिरिन किंवा इतर वेदनाशामक न घेतलेल्या निरोगी व्यक्तीचा नमुना लावा. तोही सपाट आला तर दोष अभिकर्मकात किंवा यंत्रात.

व्हेरिफायनाऊ या तयार यंत्र-चाचणीत क्लोपिडोग्रेलसारख्या औषधांसाठीचा आकडा, पीआरयू, २०८ च्या वर म्हणजे उपचार सुरू असूनही प्लेटलेट जास्त सक्रिय, असं धरतात. मात्र हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) कमी असेल तर हा आकडा उगाच वाढतो. टायरोफिबान किंवा एप्टिफिबाटाइड ही शिरेतून द्यायची अँटिप्लेटलेट औषधं दिली असतील तर ४८ तास ही चाचणी करू नका.