प्रोग्रामेबल अँटेना, सॉफ्टवेअर रेडिओ आणि सुरक्षित लिंक: या चुका टाळा

खानापूर भागातल्या उसाच्या मोटरीचा वायरलेस स्टार्टर असो की बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला सेन्सर, प्रोग्रामेबल अँटेना (ज्याचा रोख सॉफ्टवेअरने फिरवता येतो) आणि सॉफ्टवेअर रेडिओ (ज्याचं काम सॉफ्टवेअरने ठरतं) वापरून ती वायरलेस लिंक सुरक्षित करायचा प्रोजेक्ट घेणार असाल तर घोळ कुठे होतो ते आधी बघा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बीम (सिग्नलचा झोत) अरुंद केला की बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही, असं धरून चालणं. चार अँटेनांच्या साध्या अॅरेचा (ओळीने लावलेल्या संचाचा) पहिला साइडलोब, म्हणजे बाजूला सांडणारा झोत, मुख्य बीमपेक्षा जेमतेम ११ डीबी खाली असतो. म्हणजे मोकळ्या रानात तुमचा रिसीव्हर एक किलोमीटरवर असेल, तर साइडलोबच्या दिशेला पावणेतीनशे मीटरवर, बांधाआड बसलेल्याला तेवढाच खणखणीत सिग्नल मिळतो. त्याला तो समजायचीही गरज नाही. 'मोटर चालू'चा संदेश हॅकआरएफ या सॉफ्टवेअर रेडिओवर रेकॉर्ड करून रात्री तसाच परत सोडला की मोटर सुरू! म्हणून एईएस (संदेश कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) आणि प्रत्येक संदेशात वाढत जाणारा, पडताळला जाणारा काउंटर हे आधी. मुद्दाम सोडलेला कृत्रिम नॉइज (खरखर), रिसीव्हरच्या दिशेला शून्य आणि फक्त बाकी दिशांना, हे त्याच्यावरचं जादा कुलूप.

बीम जागेवर राहत नसेल तर आधी क्लॉक (रेडिओला ताल देणारं घड्याळ) बघा. दोन सुटे रेडिओ आणि त्यांच्या क्लॉकच्या क्रिस्टलमध्ये १ पीपीएमचा (दहा लाखांत एक) फरक, एवढ्यावर २.४ गिगाहर्ट्झला २४०० हर्ट्झची तफावत येते; दोघांच्या लहरींमधला फेजचा (पुढे-मागे असण्याचा) फरक सेकंदाला २४०० फेरे मारतो. एकच सिग्नल स्प्लिटरने दोन्हींना द्या. फेजमधला फरक सतत सरकत असेल तर क्लॉक वेगळे आहेत, सामाईक १० मेगाहर्ट्झ रेफरन्स द्या. एकदा सुरू केल्यावर स्थिर, पण रीस्टार्टनंतर वेगळाच येत असेल, तर तो सिंथेसायझरचा (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या भागाचा) खेळ आहे. दर वेळी कॅलिब्रेट (फरक मोजून दुरुस्त) करावंच लागेल. यूएचडी (यूएसआरपी रेडिओंचा ड्रायव्हर) वापरताना टर्मिनलवर 'ओ' किंवा 'यू' अक्षरं उमटू लागली तर सॅम्पल गळतायत. सॅम्पल रेट उतरवा, यूएसबी ३ चाच पोर्ट वापरा.

चॅनेलच्या (दोन टोकांमधल्या सिग्नलच्या वाटेच्या) चढउतारांतून गुप्त किल्ली काढणारे एक गोष्ट विसरतात: दोन्ही टोकं खांबावर घट्ट बसवलेली असतील तर चॅनेल फारसा हलतच नाही आणि किल्ली अंदाजाने सापडण्याइतकी कच्ची निघते. प्रोग्रामेबल अँटेनाचा खरा उपयोग इथे आहे. अँटेनाचा पॅटर्न (कुठल्या दिशेला किती सिग्नल जातो ते) झपाझप बदलून चढउतार आपणच निर्माण करायचे. पण तो क्रम दर वेळी त्याच सीडमधून (रँडम क्रमाच्या सुरुवातीच्या आकड्यातून) काढला, तर सगळी मेहनत वाया.

आणि लागणीच्या वेळी मोकळ्या शेतात घेतलेली सिग्नलची मापं ऊस डोक्यावर गेल्यावर चालत नाहीत. पाण्याने भरलेली पानं २.४ गिगाहर्ट्झ चांगलंच शोषतात, मापं परत घ्या. जांबोटीकडच्या पावसात एका एसएमए जोडात (अँटेनाची केबल बसवायच्या स्क्रूच्या जोडात) पाणी शिरलं तरी त्या अँटेनाची फेज बदलते नि अख्खा बीम कलतो. जोड रबरी टेपने नीट गुंडाळा.

जॅमरचा प्रयोग मात्र अजिबात नको, तो गुन्हा आहे. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा मर्यादित पॉवरमध्ये विनापरवाना वापरता येतो, पण हॅकआरएफ १ मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलतो आणि सॉफ्टवेअर तुम्हाला अडवत नाही. पहिल्या चाचण्या अँटेना न लावता, केबल आणि अटेन्युएटर (सिग्नल कमजोर करणारा भाग) जोडूनच करा.