लायब्ररी लिहिताना लॉक कुठे लावायचा
नागपूरच्या मिहानमध्ये काम करून राह्यलेल्या पोरांचा जावा कोड बघतो तेव्हा एक गोष्ट हमखास सापडते, क्लासच्या प्रत्येक मेथडला सिंक्रोनाइज्ड लावून टाकायचं, म्हणजे लॉक, एका वेळी एकच थ्रेड (प्रोग्राममध्ये सोबत चालणाऱ्या कामांपैकी एक) आत, आन म्हणायचं झाला थ्रेड-सेफ, कितीही थ्रेडनी एकदम वापरला तरी बिघडणार नाही. नाही होत ना बाप्पा.

समजा कळमना मार्केटसाठी स्टॉक नावाचा क्लास आहे, एक मेथड शिल्लक सांगते, दुसरी कमी करते, दोन्हीला लॉक. संत्र्याचं एकच कॅरेट उरलंय. एका थ्रेडनं शिल्लक विचारली, १ आली, तो कमी करायला जाईपर्यंत दुसऱ्यानंही विचारली, त्यालाही १, मग दोघांनीही कमी केलं आन स्टॉक गेला उणे १ वर. मेथड दोन्ही बरोबर, मधली फट उघडी. म्हणून तपासणं आणि बदलणं एकाच मेथडमध्ये द्या, माल असेल तर काढायचा, नसेल तर फॉल्स. जावाच्या कॉन्करंटहॅशमॅपमध्ये पुटइफअ‍ॅब्सेंट, म्हणजे आधी नसेल तरच ठेव, आहे ते याच्यासाठीच.

पण त्याच्या आधी लॉक लागतोच का ते बघा. सगळे फील्ड फायनल, आत आलेल्या लिस्टची कॉपी करून ठेवली, कन्स्ट्रक्टरनंतर काहीच बदलत नाही, तर तो ऑब्जेक्ट बिनधास्त कितीही थ्रेडला वाटा. मी एकदा तारीख छापायचा सिंपलडेटफॉरमॅट स्टॅटिक, म्हणजे सगळ्या थ्रेडला मिळून एकच, ठेवला होता, दुपारी लोड वाढला की बिलावर भलत्याच तारखा, दोन दिवस डेटाबेस तपासण्यात गेले. तो क्लास आत एक कॅलेंडर ठेवतो आणि फॉरमॅट करताना त्यातच तारीख लिहितो, दुसरा थ्रेड मधात आला की तारीख बदलली. २०१४ च्या जावा ८ मधला डेटटाइमफॉर्मॅटर इम्युटेबल, म्हणजे बनल्यावर न बदलणारा आहे, तिथं हा प्रश्नच येत नाही.

लॉक लागलाच तर प्रायव्हेट फायनल ऑब्जेक्टवर घ्या, this वर, म्हणजे त्या ऑब्जेक्टवरच, नको, कारण बाहेरचा कोणीही तोच लॉक धरून बसू शकतो. आणि लॉक हातात असताना लिसनरला, म्हणजे काही घडलं की कळवा म्हणून बाहेरच्यानं दिलेल्या कोडला, कधीच कॉल करू नका, तो आत काय करेल, दुसऱ्या कोणत्या लॉकसाठी थांबेल तुम्हाला काय माहीत, सरळ डेडलॉक, दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडकले. लिसनरच्या लिस्टची कॉपी लॉकमध्ये काढा, लॉक सोडा, मग कॉल करा.

सगळंच लॉक करायची गरज नसते. जावाच्या जुन्या लिस्टच्या, व्हेक्टरच्या, मेथड सिंक्रोनाइज्ड आहेत, १९९८ च्या जावा १.२ मध्ये आलेल्या अ‍ॅरेलिस्टच्या नाहीत, आणि तसं डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. तुमच्याही क्लासवर जावाडॉकमध्ये, म्हणजे कोडमधल्या डॉक्युमेंटेशनच्या कॉमेंटमध्ये, ती एक ओळ लिहाच, थ्रेड-सेफ आहे की लॉक वापरणाऱ्यानं लावायचा, आन लावायचा तर कोणता.