मुंबई सोडून बदलापूर-नेरळकडे राहायला जाताय? या चुका टाळा

लालबाग, दादर, घाटकोपर, मुलुंडची कुटुंबं रविवारी आमच्याकडे साइट बघायला येतात. स्टेशनबाहेर बिल्डरची गाडी उभी असते, सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी लावलेला असतो, गॅलरीतून डोंगर दिसतो. मुंबईच्या वन आरकेच्या भावात इथे टू बीएचके मिळतोय म्हटल्यावर टोकन तिथल्या तिथे दिलं जातं.

मी बदलापुरात राहते आणि मला इथे राहायला मनापासून आवडतं. म्हणूनच हौसेने आलेली माणसं दोन वर्षांत वैतागलेली दिसली की वाईट वाटतं. घर बघितलेलं असतं रविवारी दुपारी, राहायचं असतं जुलैतल्या मंगळवारी. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका या फरकातूनच होतात.

प्रवास फक्त ट्रेनच्या वेळेवर मोजणं

सीएसएमटीपासून बदलापूर 68 किलोमीटर, नेरळ 86, कर्जत 100. बदलापूरहून फास्ट लोकलला जवळपास दीड तास लागतो, कर्जतहून दोन तासांच्या आसपास. जाहिरातीत एवढंच सांगतात. पण बिल्डिंगच्या गेटवर शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबणं, स्टेशनचा पूल, आणि गर्दीमुळे सोडून द्यावी लागलेली एक गाडी, हे सगळं त्यात मिळवा. स्टेशनपासून "फक्त दहा मिनिटं" हे बिल्डरच्या गाडीने, रविवारी, रिकाम्या रस्त्यावरून मोजलेलं असतं.

आणखी एक गोष्ट मुंबईकरांच्या पटकन लक्षात येत नाही. कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेला वर्षानुवर्षं दोनच मार्गिका आहेत. लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या सगळ्या त्यावरूनच धावतात. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम सुरू आहे, पण तोवर एक इंजिन बंद पडलं की मागचं सगळं खोळंबतं. शिवाय बदलापूरच्या पुढे गाड्या विरळ होतात. दादरला एक लोकल सुटली तर मागून दुसरी येतेच. वांगणी-शेलूला सुटली तर पुढचीची वाट बघत ताटकळावं लागतं. आणि रविवारच्या मेगाब्लॉकमुळे सुट्टीच्या दिवशी मुंबईतल्या लग्नाला जाणंसुद्धा एक मोहीम होते.

रोजचे दोन तास वाढले आणि महिन्याला 25 दिवस कामाचे धरले, तर 50 तास होतात. ते कोणाच्या दिवसातून जाणार, हे घरात स्पष्ट बोलायला हवं. बहुतेक घरांत ते बाईच्या झोपेतून जातात. सकाळी 6:40 ची गाडी पकडायची तर डबे करायला ती साडेचारला उठते, आणि रात्री परत आल्यावर भाजी तिलाच चिरायची असते. महिलांच्या डब्यात मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका दिसतात, त्याचं लोकांना कौतुक वाटतं. मला त्यात त्यांची दमछाक दिसते.

टोकन देण्याआधी कामाचा एक अख्खा आठवडा इथल्या नातेवाइकांकडे किंवा मित्राकडे राहून नोकरीवर जाऊन बघा. सकाळचा प्रवास कसाबसा जमतो, खरा कस संध्याकाळी सातला दादरहून चढताना लागतो. माझं स्पष्ट मत असं: घरातल्या दोघांनाही आठवड्यातले सहा दिवस फोर्ट किंवा अंधेरी गाठायची असेल, तर बदलापूरच्या पुढे घर घेऊ नका. नोकरी ठाणे, मुलुंड, ऐरोलीकडे असेल किंवा आठवड्यातून दोन-तीन दिवसच जायचं असेल, तर गणित जमतं.

पावसाळा न बघता घर घेणं

माझ्या दृष्टीने ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करत खाली कल्याणकडे जाते. वरच्या घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस काही तासांत आमच्याकडे येतो. 26 जुलै 2005 चा पूर इथले जुने लोक विसरलेले नाहीत. 2019 च्या जुलैत तर बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि 27 तारखेला हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी शिरलं. त्यामुळे "असं पाणी शंभर वर्षांत एकदाच येतं" असं कोणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका.

नदीकाठाला दोन पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी नसते, दोन रेषांच्या मधे असलीच तर अटींसह असते. तुमची इमारत कुठे बसते, हे नगरपालिकेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर सांगून विचारा. "रिव्हर व्ह्यू" लिहिलेलं असेल तर न चुकता विचारा.

कागदाशिवायही बरंच कळतं. स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या गाड्यांच्या जागेत जा आणि खांबांकडे नीट बघा. पाणी शिरलेल्या इमारतीत खांबांवर एका उंचीला मातकट पट्टा उमटलेला असतो. त्यावर रंग मारलेला असला तरी त्या उंचीपर्यंतच पोपडे सुटलेले दिसतात. विजेचे मीटर बघा. आजूबाजूच्या इमारतींत मीटर जमिनीपासून तीन-चार फुटांवर आहेत, आणि एखाद्या इमारतीत तेच नंतर उचलून डोक्याच्या वर नेलेत, असं दिसलं तर का नेले ते विचारा. मग बाहेर येऊन रिक्षा स्टँडवर एकच प्रश्न टाका: जुलैमध्ये जोराचा पाऊस लागला की तुम्ही कुठल्या रस्त्याने जायला नाही म्हणता? रिक्षावाल्यांना फ्लॅट विकायचा नसतो, ते खरं सांगतात.

आजची शांतता कायमची धरून चालणं

गॅलरीसमोर आज भातखाचर आहे, बगळे उतरतात, रात्री बेडूक ओरडतात. हे बघून निर्णय घेऊ नका, समोरची जमीन विकास आराखड्यात कशी दाखवली आहे ते बघा. निवासी पट्टा असेल तर तिथे टॉवर उठणार हे धरून चाला. 2020 च्या डिसेंबरपासून राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि तिच्यामुळे छोट्या शहरांतही उंच इमारती सहज उभ्या राहू लागल्या आहेत. दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाची जेएनपीटीकडे जाणारी शाखा बदलापूरजवळून, माथेरानच्या डोंगराखालच्या बोगद्यातून जाते. याने भाव वाढतील असं एजंट सांगतो. वाढतीलही, पण वर्दळही वाढेल. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रोचंही तेच. ती होईल तेव्हा होईल, आज तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

आवाज आणि वास हे दोन्ही रात्री तपासायचे असतात. लग्नसराईत, म्हणजे एप्रिल-मे किंवा नोव्हेंबर-डिसेंबरात, रात्री दहाच्या सुमारास त्या गल्लीत येऊन उभे राहा. शेजारी लग्नाचं लॉन असेल तर तेव्हाच कळतं. अंबरनाथ-बदलापूरला एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. वारा पडला की रात्री उग्र वास खाली बसतो, अशा तक्रारी इथे नव्या नाहीत. घरात कोणाला दमा असेल तर हे दुय्यम समजू नका.

पाणी आणि विजेबद्दल मोघम उत्तरावर समाधान मानणं

"पाण्याचा प्रॉब्लेम नाही" असं सगळेच सांगतात. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा आणि गेल्या मे महिन्यात टँकरवर किती खर्च झाला ते विचारा. हिशेबाच्या वहीत तो आकडा असतोच. अंबरनाथ-बदलापूरला पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं येतं. तुमच्या इमारतीला त्यांची अधिकृत जोडणी आहे की बोअरवेल आणि टँकरवर भागवतायत, हे बिल बघूनच खरं धरा. वीज महावितरणची. मुंबईत दिवे क्वचित जातात, इथे पहिल्या वादळी पावसात जातात. म्हणून जनरेटर आहे का एवढंच विचारून थांबू नका. त्यावर लिफ्ट आणि पाण्याचा पंप दोन्ही चालतात का, ते विचारा.

कागद नंतर बघू म्हणणं

महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की ताबा द्यायची तारीख, मंजूर नकाशे, जमिनीवरचे दावे आणि बोजा सगळं दिसतं. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हा कायदाच आहे. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) पुढे जाऊ नका. "ओसी येतेय" ही ओसी नव्हे.

नेरळ-कर्जतकडे बंगल्यासाठी गुंठ्यांवर जागा घेणाऱ्यांनी जास्त जपून राहा. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. बिनशेती झालेली नसताना सामाईक सात-बाऱ्यावर दहा जणांबरोबर नाव चढवून देतो म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. माथेरानभोवती 2003 पासून इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा आहे, त्यात जागा येते का तेही तपासा. या कामासाठी बिल्डरने सुचवलेला वकील नको, स्वतःचा करा.

आई-वडिलांना गृहीत धरणं

"तुमच्यासाठीच घेतोय, मोकळी हवा मिळेल." हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय! मुलगा-सून सकाळी सातला बाहेर पडतात ते रात्री नऊला येतात. दिवसभराची शांतता खरं तर आई-वडिलांच्या वाट्याला येते, आणि त्यांना ती हवी आहे का हे कोणी विचारलेलंच नसतं. चाळीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला दार उघडं ठेवायची सवय असते. खाली उतरलं की पेपरवाला, वाणी, देऊळ, चार ओळखीचे चेहरे. इथे सातव्या मजल्यावर समोरचा फ्लॅट गुंतवणूकदाराचा, कुलूप लावलेला. पूर्ण विंगमध्ये पाच बिऱ्हाडं. दुपारी लाइट गेली की लिफ्ट बंद आणि फोनची बॅटरी उतरत चाललेली.

म्हणून इमारत निवडताना रात्री आठला खाली उभं राहून किती घरांत दिवे लागलेत ते मोजा. निम्म्याहून कमी असतील तर वृद्धांना घेऊन तिथे जाऊ नका, दुसरी इमारत बघा. स्टेशनच्या जवळच्या जुन्या वस्तीत थोडं लहान घर घेतलेलं परवडतं. तिथे वाचनालय आहे, नाट्यसंगीताचे कार्यक्रम होतात, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, चालत जाता येईल असा बाजार आहे.

दवाखान्याचाही विचार यांच्याच बाजूने करा. सर्दी-तापाचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत. पण रात्री दोनला छातीत दुखलं तर अँजिओप्लास्टी होणारं सगळ्यात जवळचं रुग्णालय कुठलं आणि तिथवर जायला किती वेळ लागतो, हे नाव आणि मिनिटांसकट माहीत हवं. 108 ची रुग्णवाहिका येते, पण कल्याण किंवा ठाण्यापर्यंतचा रस्ता तेवढाच राहतो.

मुंबईचं घर आधी विकून टाकणं

एकदा मुंबईतलं घर विकलं की त्याच पैशांत पुन्हा मुंबईत शिरणं जवळजवळ अशक्य. शक्य असेल तर ते 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर द्या आणि तशाच कराराने इथे भाड्याने राहून बघा. इथली भाडी मुंबईच्या मानाने बरीच कमी आहेत, त्यामुळे हातात काही उरतंसुद्धा. करार मे महिन्यात सुरू करा, म्हणजे पाणीटंचाई आणि पावसाळा दोन्ही त्यात येतात.

विकणं भागच असेल तर "कर वाचवायला लगेच घर घ्यायला हवं" या घाईत पडू नका. राहतं घर विकल्यावर दुसरं तयार घर घ्यायला दोन वर्षांची मुदत मिळते. तोवर रक्कम गुंतली नसेल तर विवरणपत्र भरायच्या मुदतीआधी ती बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायची असते. बारकावे सीएला विचारा, पण भाड्याने राहून बघायला वेळ मिळतो एवढं नक्की.

आधीच येऊन बसलात आणि त्रास सुरू झाला असेल तर

घरात गळती किंवा बांधकामातला मोठा दोष निघाला तर ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत तो स्वखर्चाने दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तोंडी सांगत बसू नका, फोटोसह लेखी कळवा. तीस दिवसांत काही झालं नाही तर महारेराकडे जा. सोसायटी झाली पण जमीन बिल्डरच्याच नावावर असेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायला, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी बिल्डरची सही लागत नाही.

लॉनचा आवाज रात्री दहानंतर चालू राहिला तर 112 ला फोन करा. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. कारखान्याच्या वासाची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात करा आणि दर वेळी तारीख, वेळ, वारा कुठून होता हे वहीत लिहून ठेवा. पाच-सहा घरांच्या अशा नोंदी एकत्र दिल्या की तक्रार टाळणं अवघड जातं.

प्रवास झेपत नसेल तर आधी ऑफिसची वेळ बदलून मिळते का बघा. दहाऐवजी आठची पाळी मिळाली तरी दोन्ही बाजूंची गर्दी निम्मी होते. तेही जमलं नाही तर हट्टाने दिवस काढू नका. इथलं घर लगेच विकायला काढलं तर नव्या स्कीमशी भावात टक्कर होते आणि नुकसान होतं. त्यापेक्षा ते भाड्याने द्या आणि स्वतः ठाणे-डोंबिवलीकडे भाड्याने राहा. स्टेशनपासून चालत पोचता येणाऱ्या फ्लॅटला भाडेकरू लवकर मिळतो, रिक्षाच्या अंतरावर असेल तर भाडं थोडं कमी सांगावं लागतं.