पांडवलेणी बघायला जाताय? हातात टॉर्च असू द्या

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला लागलं की त्रिरश्मी डोंगर दिसतो. पायथ्याशी फाळके स्मारक, वर पांडवलेणी. नाव पांडवांचं असलं तरी ही 24 लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत. सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली घ्या. पायऱ्या दमवतात.

पण खरी गरज टॉर्चची. ओसरीतल्या भिंतीवर प्रकाश समोरून पाडला तर शिलालेख सपाट दिसतो. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे खाचांत सावली भरते आणि ब्राह्मी अक्षरं उठून दिसतात. 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले, व्याजातून भिक्खूंचा खर्च चालावा, असं त्यात कोरलंय. दोन हजार वर्षांपूर्वीची मुदतठेव! मी तिथे दर वेळी रेंगाळतो. अक्षरांवर बोट मात्र फिरवू नका, घामानं दगड खराब होतो.

3 क्रमांकाच्या लेण्यात ओसरीचा भार खांद्यावर पेलणारे गण, म्हणजे कोरलेल्या सेवकांच्या आकृत्या, आहेत. खाली वाकून त्यांचे चेहरे जरूर बघा. 11 व्या लेण्यात जैन मूर्ती आहेत, घाईत त्या हमखास राहून जातात. जैन शिल्पांची ओढ असेल तर म्हसरूळजवळची चांभारलेणी दुसऱ्या दिवशी करा. एकाच दिवसात दोन्ही डोंगर चढलात तर दुसऱ्या ठिकाणी नुसते पाय दुखतील, डोळे काही टिपणार नाहीत.